बँकवाल्याच्या घरातले दोन पियानो

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. सोसायटीचा इतिहास म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, लिफ्टचा करार आणि पार्किंगची भांडणं. तो सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगला लिहितील, कारण फायली त्यांच्याकडे आहेत. पण गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सी विंगमधल्या त्या दोघा भावंडांनी दोन कीबोर्डवर मिळून जे वाजवलं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मधेच वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला वीस-पंचवीस सेकंद लागले असतील. दिवे आले आणि दोघांनी एकमेकांकडे बघून, जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरुवात केली. कोणी एक-दोन-तीन म्हटलं नाही. मी खुर्चीतच पुढे सरकून बसलो. त्या रात्री मला बर्लिनमधलं एक घर आठवलं, आणि आणखी एक घर आठवलं. दोन्हींबद्दल लिहितो. इतिहास म्हणूनच छापा.

बर्लिनशी माझा संबंध एवढाच, की मुलगी नोकरीनिमित्त तिथे होती आणि 2018 साली आम्ही दोघं दीड महिना तिच्याकडे राहून आलो. ती ऑफिसला गेली की आम्ही फिरायचो. मी 34 वर्षं बँकेत काढलेला माणूस, त्यामुळे एखाद्या गावात जुनी पेढी आहे असं कळलं की पाय तिकडे वळतात. येगरस्ट्रासे नावाच्या रस्त्यावर 51 नंबरच्या इमारतीत पूर्वी मेंडेलसोन पेढी होती. मागच्या अंगाला, जिथे घोडागाड्या ठेवत, तिथे आता त्या कुटुंबाचं छोटं कायमचं प्रदर्शन आहे. मी पेढी बघायला गेलो आणि बाहेर येताना संगीताचा विचार करत होतो.

या घराण्याचा मूळ पुरुष मोझेस मेंडेलसोन. 1743 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, देसाऊ गावाहून हा गरीब ज्यू मुलगा बर्लिनला आला. चालत आला असं सांगतात. पुढे तो युरोपातला नावाजलेला तत्त्वज्ञ झाला, पण पोट भरायला त्याने काय केलं असेल? रेशमाच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून काम केलं आणि नंतर त्याच धंद्यात भागीदार झाला. दिवसा जमाखर्च, रात्री तत्त्वज्ञान. हे वाचल्यावर मला त्या माणसाबद्दल एकदम घरोबा वाटला. त्याचा मुलगा जोसेफ याने 1795 साली पेढी काढली. दुसरा मुलगा अब्राहम पॅरिसला एका पेढीत नोकरीला होता, तो नंतर भावाचा भागीदार झाला. हा अब्राहम आपल्या गोष्टीतला बाप. मोठेपणी तो गमतीने म्हणत असे, की आधी लोक मला माझ्या बापाचा मुलगा म्हणून ओळखायचे, आता माझ्या मुलाचा बाप म्हणून ओळखतात.

अब्राहम आणि लेआ यांना चार मुलं. फॅनी 1805 ची, फेलिक्स 1809 चा, मग रेबेका आणि पाउल. पहिली तिन्ही हॅम्बुर्गची. 1811 मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातलं ते शहर सोडून कुटुंब बर्लिनला आलं आणि तिथेच स्थिरावलं. 1816 साली मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली गेली. त्या काळात ज्यू माणसाला कितीही पैसा असला तरी काही दारं बंदच असायची. बापाने त्या हिशेबाने हे पाऊल उचललं असावं. आडनावाला ‘बार्थोल्डी’ही जोडलं गेलं. या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी तिकडे वळत नाही.

घरात संगीत आईच्या बाजूने आलं. लेआची मावशी सारा लेव्ही ही बाखच्या थोरल्या मुलाची शिष्या, स्वतः उत्तम वाजवणारी. फॅनी जन्मली तेव्हा तिची बोटं बघून लेआ म्हणाली होती, की या मुलीची बोटं बाखच्या फ्यूगसाठीच आहेत. फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येते आणि सगळे आवाज एकाच वेळी चालू राहतात असा अवघड प्रकार. एकाच माणसाच्या दहा बोटांनी चार माणसांचं बोलणं सांभाळायचं. आईने दोन्ही मुलांना सुरुवातीचे धडे दिले. मग पियानोला लुडविग बेर्गर आणि रचनेसाठी त्सेल्टर हे कडक स्वभावाचे शिक्षक आले. दोघांना एकच शिक्षक, एकच अभ्यास. हे नीट लक्षात ठेवा.

आता 1818 हे एक वर्ष बघा. त्या वर्षी फॅनी तेरा वर्षांची. तिने बाखचे चोवीस प्रील्यूड पाठ करून बापाला वाजवून दाखवले, समोर कागद न ठेवता. ज्यांच्या घरी पियानो शिकणारी मुलं आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. त्यातला एक धड वाजवायला आपल्याकडच्या मुलांचं अर्धं वर्ष जातं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेलिक्सने, नऊ वर्षांच्या मुलाने, बर्लिनमध्ये जाहीर कार्यक्रमात पियानो वाजवला. मुलगी बैठकीच्या खोलीत, मुलगा मंचावर.

दोन वर्षांनी, 1820 साली, बापाने फॅनीला एक पत्र लिहिलं. ते पत्र आता प्रसिद्ध आहे. मतितार्थ असा, की फेलिक्सचा कदाचित हा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र संगीत हा दागिनाच राहील, राहायला हवा, आयुष्याचा पाया होता कामा नये. मुलगी चौदा वर्षांची होती. पत्रात राग नाही, धाक नाही. उलट फार प्रेमाने लिहिलेलं आहे. म्हणूनच ते वाचताना मला जास्त जड गेलं, कारण असं प्रेमाने बोललेलं मी स्वतः ऐकलेलं आहे. ते पुढे सांगतो.

अब्राहमला एकतर्फी वाईट ठरवू नका. बँकवाल्याने पोरांसाठी काय केलं ते बघण्यासारखं आहे. 1820 च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या घरी एक रविवार सोडून एक अशा मैफली व्हायला लागल्या आणि त्यासाठी तो राजदरबाराच्या वाद्यवृंदातले वादक पैसे देऊन घरी बोलवायचा. जरा कल्पना करा, मुलांनी काल काहीतरी लिहिलं आहे आणि रविवारी खरे, पगारी वादक दिवाणखान्यात बसून ते वाजवत आहेत. चूक झाली तर तिथल्या तिथे ऐकू येते. कागदावर छान दिसणारी जागा वाजल्यावर फसते, ते कळतं. मुलाला संगीत शिकवायचा याहून महागडा आणि याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. हा खर्च अब्राहमने कुठल्या खात्यावर टाकला असेल, असा विचार माझ्या मनात आलाच.

या रविवारांसाठी फेलिक्सने 1821 ते 1823 या काळात तंतुवाद्यांसाठी बारा सिंफनी लिहिल्या. पियानोचा एक कन्चेर्टो, व्हायोलिनचा एक, दोन्हींचा मिळून एक. आणि 1823 मध्ये, चौदाव्या वर्षी, दोन पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी कन्चेर्टो लिहिला. तो बहिणीसाठी.

कन्चेर्टो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची गाडी तिथे अडते. मागे चाळीस-पन्नास वादक, पुढे एक मुख्य वादक. साधारण तीन भाग, पहिला चपळ, मधला संथ, शेवटचा पुन्हा वेगाचा. मागचे लोक नुसती साथ करत नाहीत. ते विषय मांडतात, मुख्य वादक तो उचलतो, फिरवतो, परत त्यांच्या हवाली करतो. कधी दोघं एकत्र, कधी एकजण गप्प. आपल्या जुगलबंदीतले सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे नवीन नाही. फरक एवढाच, की इथे सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं.

दोन पियानोंचा कन्चेर्टो म्हणजे त्यात आणखी गुंता. दोन सारखीच वाद्यं, सारख्याच आवाजाची. डोळे मिटले तर कोण वाजवतंय ते कळत नाही. एकाने वाक्य अर्धं सोडायचं, दुसऱ्याने पुरं करायचं. यात एक थोडा मागे-पुढे झाला की लगेच उघडं पडतं. अनोळखी माणसं रियाझ करून हे जमवतात. एका घरात वाढलेल्या भावंडांना ते श्वासातच असतं. त्या वीस-पंचवीस सेकंदांत आपल्या हॉलमध्ये आपण पाहिलं ते हेच.

ही कल्पना फेलिक्सची नव्हे. मोझार्टने त्याच्या आधी 44 वर्षं, 1779 च्या सुमारास, दोन पियानोंचा कन्चेर्टो लिहिला होता, तो स्वतःसाठी आणि थोरली बहीण नानेर्ल हिच्यासाठी असं जाणकार मानतात. नानेर्लचीही गोष्ट अशीच. लहानपणी भावाबरोबर म्युनिक, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन गाजवलेली मुलगी. 1769 च्या डिसेंबरात बापाने मुलाला इटलीला नेलं, तेव्हा अठरा वर्षांची नानेर्ल घरी राहिली. मोझार्टचाच तीन पियानोंचाही एक कन्चेर्टो आहे, 1776 चा. तो त्याने साल्झबुर्गच्या लोड्रोन घराण्यातली काउंटेस आणि तिच्या दोन मुलींसाठी लिहिला. त्यातल्या धाकटीला फारसं येत नव्हतं, म्हणून तिसऱ्या पियानोला अगदी सोपं काम दिलं आहे. आपल्या बालनाट्यात सगळ्यात लहान मुलाला झाड करतात ना, तसंच. मला मोझार्ट या एका गोष्टीसाठी फार आवडतो.

फेलिक्सने मात्र फॅनीला सोपं काम दिलेलं नाही. ई मेजरमधला हा कन्चेर्टो साधारण अर्ध्या तासाचा आहे आणि दोन्ही पियानो बरोबरीचे. एकाने धाव घेतली की दुसरा तीच धाव घेऊन पुढे जातो. बहिणीची ताकद त्याला ठाऊक होती. घरात सगळेच म्हणत, की वाजवण्यात फॅनी भावाच्या तोडीस तोड आहे. 1824 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने दुसरा पुरा केला, ए फ्लॅट मेजरमधला, आणखी लांब. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, दोन पियानो समोरासमोर, मागे दरबारचे वादक, समोर बर्लिनमधले प्रतिष्ठित पाहुणे. अशा रविवारी मला मागच्या एखाद्या खुर्चीत जागा मिळाली असती तर मी आनंदाने उभाही राहिलो असतो.

यापुढचा भाग मी तीन-तीनदा तपासून वाचला. हे दोन्ही कन्चेर्टो पुढे जाहीर मंचावर गेले. 1827 च्या फेब्रुवारीत श्टेटिन शहरात ए फ्लॅटचा झाला, तिथे फेलिक्सबरोबर दुसऱ्या पियानोवर होते कार्ल लोवे. 1829 च्या जुलैमध्ये लंडनला ई मेजरचा झाला, तिथे दुसऱ्या पियानोवर होते इग्नाझ मोशेलेस. दोघंही नामांकित. ज्या बाजूची बोटं डोळ्यांसमोर ठेवून ते संगीत लिहिलं, ती बोटं बर्लिनला घरी होती.

दरम्यान 1825 मध्ये बाप मुलाला घेऊन पॅरिसला गेला, तिथल्या केरुबिनी या बड्या संगीतकाराला विचारायला, की पोराने हाच व्यवसाय करावा का. केरुबिनींनी होकार दिला. त्याच वर्षी कुटुंबाने लाइपझिगर स्ट्रासेवर 3 नंबरचा मोठा वाडा घेतला. मागे प्रचंड बाग आणि बागेत उघडणारा दिवाणखाना. 1828 मध्ये बापाने फॅनीला पुन्हा समजावलं, की मुलीचा खरा व्यवसाय एकच, घर सांभाळणं. 1829 मध्ये तिचं विल्हेल्म हेन्झेल या चित्रकाराशी लग्न झालं. इथे गोष्टीला अनपेक्षित वळण आहे. नवऱ्याने तिला थांबवलं नाही. तू लिही, तू छाप, असा त्याचा आग्रह असायचा. स्वतः सुराचा फारसा नसलेला माणूस, पण बायकोच्या संगीताच्या कागदांवर चित्रं काढून द्यायचा.

अडवलं ते भावाने, असं म्हणावं लागतं. 1837 मध्ये आईने फेलिक्सला लिहिलं, की फॅनीला तिच्या रचना छापायला तू उत्तेजन दे. त्याने नाही म्हटलं. छापलेलं असेल तर मदत करीन, पण मी तिला त्यासाठी उद्युक्त करणार नाही, ती घरसंसारातली बाई आहे, असा त्याचा सूर होता. हाच माणूस स्वतःची प्रत्येक नवी रचना आधी बहिणीला दाखवायचा आणि ती नापसंत म्हणाली तर बदलायचा. त्याच्या पहिल्या गीतसंग्रहांत, ऑपस 8 आणि 9 मध्ये, तीन-तीन गाणी फॅनीची आहेत, त्याच्या नावावर छापलेली. 1842 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीने त्याच्यासमोर त्याचंच म्हणून एक आवडतं गाणं गायलं, ते नेमकं फॅनीचं निघालं. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं. एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. मी त्याला खलनायक म्हणायला तयार नाही. बाप बोलला ते त्याच्या कानात बसलं होतं. मुलाच्या कानात बसलेलं बापाचं बोलणं निघता निघत नाही.

फॅनीने काय केलं? 1831 पासून तिने घरच्या रविवारच्या मैफली पुन्हा सुरू केल्या, आता स्वतःच्या. बागेच्या दिवाणखान्यात. स्वतः पियानो वाजवायची, गायकवृंद बसवायची, कधी वाद्यवृंद चालवायची. बर्लिनला आलेला प्रत्येक मोठा संगीतकार तिथे यायचा, लिस्टसुद्धा. तिकीट नाही, जाहिरात नाही, म्हणून ते ‘जाहीर’ नाही. नियमाच्या चौकटीत राहून माणूस काय काय करतो, याचं याहून चांगलं उदाहरण मी बँकेच्या सर्क्युलरांतही पाहिलेलं नाही. घराबाहेर, पैसे देऊन आलेल्या लोकांसमोर, वाद्यवृंदाबरोबर तिने वाजवल्याची नोंद फक्त एकदा आहे. 1838 च्या फेब्रुवारीत, धर्मादाय कार्यक्रमात. वाजवला तो फेलिक्सचा जी मायनर पियानो कन्चेर्टो. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. बाखचे चोवीस प्रील्यूड पाठ वाजवले त्याला एकोणीस-वीस वर्षं झाली होती.

1846 मध्ये, चाळीस वर्षांची असताना, तिने स्वतःच ठरवलं आणि गाणी छापली, ऑपस 1 म्हणून. मुखपृष्ठावर नाव : फॅनी हेन्झेल, माहेरच्या मेंडेलसोन-बार्थोल्डी. भावाला आधी कळवलं. त्याने उशिराने का होईना, आशीर्वाद पाठवला. पुढच्या वर्षी, 14 मे 1847 रोजी, भावाच्याच एका रचनेची घरच्या मैफलीसाठी तालीम चालू होती. ती पियानोवर होती. एकाएकी हात बधिर झाले. त्याच रात्री ती गेली. वय 41. फेलिक्सला बातमी कळली तेव्हा तो कोसळला, आणि सहा महिन्यांच्या आत, 4 नोव्हेंबरला, लाइपझिगमध्ये तोही गेला. वय 38. त्याचं शव रेल्वेने बर्लिनला आणलं आणि बहिणीशेजारी पुरलं. ती जागा आम्ही पाहिली. शहराच्या मधोमध, मोठ्या रस्त्याच्या कडेला, जुन्या झाडांखाली. हिने तिथे दोन रानफुलं वाहिली आणि मला म्हणाली, “एवढ्या लांब येऊन तुम्ही सुतकी चेहरा करून काय उभे राहिलात?”

त्या दोन कन्चेर्टोंचं काय झालं? फेलिक्सने ते छापलेच नाहीत. हस्तलिखितं बर्लिनच्या ग्रंथालयात पडून राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाहेर आली. मधल्या काळात पेढी गेली. 1938 मध्ये नाझींच्या दडपणाखाली ती बंद करावी लागली. लाइपझिगमधला फेलिक्सचा पुतळा 1936 मध्येच काढून टाकला होता. आजोबांच्या पिढीपासून केलेलं सगळं समायोजन, बाप्तिस्मा, जोडआडनाव, काही कामाला आलं नाही. लाइपझिगर स्ट्रासेवर, जिथे त्यांचा वाडा आणि बाग होती, तिथे आज जर्मनीचं बुंडेसराट, म्हणजे त्यांच्या राज्यसभेसारखं सभागृह आहे. आम्ही बाहेरूनच बघितलं.

आणि एक गोष्ट अगदी अलीकडची. 1828 मध्ये फॅनीने पियानोसाठी एक मोठा ‘ईस्टर सोनाटा’ लिहिला होता. हस्तलिखित हरवलं होतं. 1970 मध्ये पॅरिसमध्ये सापडलं, तेव्हा तो फेलिक्सचा म्हणून ध्वनिमुद्रित झाला. 2010 मध्ये अँजेला मेस या अमेरिकन संशोधक बाईंनी हस्ताक्षर आणि पानांचे क्रमांक तपासून सिद्ध केलं, की तो फॅनीचाच. 8 मार्च 2017 रोजी लंडनला सोफिया गुलियाक यांनी तो फॅनीच्या नावाने वाजवला. 189 वर्षांनी एंट्री योग्य खात्यात पडली. आम्ही बँकेत याला रेक्टिफिकेशन म्हणायचो. त्यावर कोणाची तरी सही लागते.

आता दुसरं घर.

ते सांगलीचं. वडील पोस्टात क्लार्क. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. घरात आजोबांची जुनी पेटी होती, आणि आठवड्यातून दोनदा पेटीमास्तर यायचे, महिना पाच रुपये. ताई पेटी शिकायची, मी तबला. मास्तर तबल्याचेही धडे द्यायचे, तेवढ्याच पैशांत. ताईचा हात विलक्षण होता. रेडिओवर नाट्यगीत लागलं की ते संपेपर्यंत तिने पेटीवर काढलेलं असायचं. गावातल्या गणपतीत आम्ही दोघं बसायचो, ती पेटीवर, मी तबल्यावर. मी चुकलो तर ती नजर वर न करता एक सूर जरा जोरात द्यायची. मी सावरायचो. कोणाला कळायचं नाही.

ती अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, आली आणि मास्तरांनी फी वाढवून मागितली. दोघांची मिळून आठ रुपये. वडिलांनी एका संध्याकाळी तिला जवळ बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, “बाळ, तुला आता भरपूर येतं. सासरी आरती-भजनाला पुरेल. त्याचं पुढे शिकू दे.” ताईने मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच बसलो होतो. तेरा वर्षांचा होतो. मला आनंद झाला होता, हे लिहायला मला साठ वर्षं लागली.

मी शिकून काय दिवे लावले? कॉलेजात दोन बक्षिसं मिळाली. मग 1973 मध्ये बँकेत लागलो, बदल्या सुरू झाल्या, तबला गवसणीत गेला तो तिथेच राहिला. ताईचं लग्न झालं, तिन्ही मुलं झाली. भावोजी भले माणूस, पण घरात पेटी नव्हती. आमची पेटी सांगलीच्या माळ्यावर. घर विकलं तेव्हा ती मी डोंबिवलीला आणली. भाता फाटला होता, चार सूर बसले होते. ठाण्याहून एका कारागिराकडून दुरुस्त करून घेतली आणि घरात जागा नाही म्हणून सोसायटीच्या हॉलला दिली. दरवर्षी गणपतीच्या आरतीला जी पेटी वाजते, जिच्यावर मुलं गाड्या चालवतात, आणि जिच्या मागच्या फळीवर कोणीतरी खडूने ‘ए विंग’ लिहून ठेवलं आहे, ती ताईची.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ती पुण्याहून मुलाबरोबर आली होती. जेवणं झाल्यावर मी तिला फॅनीची ही सगळी गोष्ट सांगितली. सांगताना माझाच आवाज अडखळला. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर तिने दोनच गोष्टी विचारल्या. त्या एकदाच्या कार्यक्रमात समोर तिचा नवरा बसला होता का, आणि वीसेक वर्षांनी बाहेर वाजवताना हात थरथरला नाही का. मला दोन्ही सांगता आलं नाही. मग ती म्हणाली, “पेटी कुठंय?” मी तिला खाली हॉलमध्ये नेलं. वॉचमनने कुलूप काढून दिलं. तिने भाता उघडला, एक सूर धरून बघितला, आणि म्हणाली, “काळी तीन अजून कुरकुरते रे. दाद्या, तेव्हाही कुरकुरायची.” नंतर पाऊण तास वाजवत होती. मी शेजारी खुर्चीवर बसून मांडीवर ठेका धरला. दोनदा चुकलो. दोन्ही वेळा तिने तो सूर जरा जोरात दिला.

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात सी विंगमधल्या मुलांनंतर ती वाजवणार आहे. सांस्कृतिक समितीने आनंदाने होकार दिला, साथीला तबला म्हणून माझं नाव घातलं, त्याला मी काय करणार. पत्रिकेचं प्रूफ आलं तेव्हा मी ताईला फोन करून विचारलं, की नाव कसं छापायचं. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “सासरचं छाप. आणि खाली माहेरचंपण छाप.” छापखान्यातला मुलगा म्हणाला, काका, एका ओळीत मावत नाही. दोन ओळी घ्यायला सांगितल्या आहेत.